क्लीनरच्या बाजूचं पातं

पेठ नाक्यावर, टायरवाल्याला लागून आमचं दुकान.
आजा धार लावायचा, विळ्यांना, कोयत्यांना,
कुणाच्या भिंतीवरच्या तलवारीलासुद्धा.
मी पाती विकते, ज्यांनी कापायचं नसतं,
नुसतं पुसायचं.

गिऱ्हाईक विचारतं, मालक न्हाईत का?
मी विचारते, गाडी कुठली, हात हुकाचा की पिनेचा?
मग ते जरा गप्प होतं.
वितीनं माप सांगू नका, जुनं काढून आणा.
चोवीसच्या जागी सव्वीस बसतं,
बसतं आणि काचेच्या कडेवर टकटक आपटत
मोटर जाळतं.

बाबांचं एक वाक्य:
वायपर पावसात मरत नाही, उन्हात मरतो.
सांगलीच्या यार्डाबाहेर हळद उतरेपर्यंत
तीन-तीन दिवस उभी गाडी, काच तव्यासारखी,
तिला चिकटलेलं रबर एका अंगावर कलतं
ते कलतंच.
म्हणून उभ्या गाडीचा हात उचलून ठेवा,
न्हाईतर खाली काडेपेटी सरकवा.
रॉकेल लावू नका. ओलं फडकं घ्या,
बोटाच्या पेरानं कड चाचपा.
खाच लागली की काचेवर रेघ उठणार,
आणि ती उठते नेमकी डोळ्यांसमोर.
हाताच्या मुळाशी दाते झिजले असतील
तर नवं पातं घेऊन तरी काय?
नट कितीही आवळा, हात घसरतो.
हे मी दिवसातून दहादा सांगते.
नऊ जण फोन बघत असतात.

सर्जेराव कोळेकर, दहा चाकी, तासगावचा बेदाणा.
दरसाल एकच पातं.
"उजवीकडचं द्या. क्लीनरच्या बाजूला काय करायचंय?
झोपतंय त्ये."
ते म्हणजे बिरू, जतकडचा,
मिशी अजून यायची होती.
त्याच्या बाजूच्या हाताला ट्यूबची पट्टी गुंडाळलेली,
काचेवर अर्धा चंद्र कोरलेला.
सर्जेराव चहाला गेला तसं
त्यानं टाकलेलं पातं बिरूनं पिंपातून काढलं,
सदऱ्याला पुसलं, उजेडात धरलं.
दोन इंच जास्त.
मी पक्कड दिली. एक क्लिपही दिली,
वहीत लिहिली नाही.

"झोपतोस म्हणे?"
"झोपंन कसा? डावीकडचं त्यास्नी दिसत न्हाई.
सायकल, मोटरसायकल, बाई डोक्यावर भारा घेतलेली.
मला दिसलं की मी वरडतो,
मग ते दाबतात."
आणि बंपरवर चढला, अनवाणी.

मध्ये चार-पाच वर्षं गेली.
बाबांच्या मोतीबिंदूला मिरजेत दोनदा नेलं.
परवा दुपारी एक टेम्पो थांबला,
दाराबाहेर मिशीवाला माणूस, हातात दोन पाती, जुनी,
काढून आणलेली.
"दोन द्या. हुकाची."
मी कड चाचपली, दाते विचारले.
"बघितल्यात," म्हणाला.
पैशात चाळीस कमी पडले.

गाडीकडं नजर गेली. डावीकडची सीट रिकामी,
तिच्यावर पाण्याचा कॅन आणि घडी केलेलं घोंगडं.
"क्लीनर?"
"मालकाला परवडत न्हाई."
"मग डावं कशाला घेतोस?"
त्यानं पातं काचेवर टेकवून पाहिलं.
काचेला सांगावं तसं पुटपुटला,
"कुणीतरी वरडाय पायजे की."

पाणी मारलं. दोन्ही हात एकदम उठले,
एकदम पडले, खरखर न करता.
मग तो पुलाखालून कराडच्या अंगाला गेला.

वहीत लिहिलं: बिरू, चाळीस.
जुन्या पात्यांतल्या पोलादी पट्ट्या ओढून काढल्या.
पातळ, लवचिक, अजून गंज न धरलेल्या.
आजा असता तर त्यांची काहीतरी सुरी केली असती.
मी त्या डब्यात ठेवल्या,
चुलती मासे खरवडायला नेते.